दहा लाखांची सायकल

यंदा दिवाळीला गावी गेलो तेव्हा भाच्यानं माझ्या मोबाइलमध्ये डोकावून विचारलं, "मामा, ह्याचे रंग उडाले का?"

उडायला मुळात रंग असावे लागतात. पोकेमॉनचा पहिला गेम जपानात २७ फेब्रुवारी १९९६ ला निघाला, आणि ज्या गेम बॉयवर तो चालायचा त्याच्या पडद्यावर एकाच रंगाच्या चार छटा होत्या. रुंदी १६० ठिपके, उंची १४४. एवढ्याशा वावरात गावं, डोंगर, समुद्र आणि दीडशे प्राणी पेरायचे म्हणजे पीक दाट होणारच. भाच्यानं लढाईचं दृश्य बघितलं, फोन उलटासुलटा केला आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हा बटाटा कोणाय?"

तो माझा चारमँडर होता. पाठमोरा.

मला राग आला. वीस वर्षांपूर्वी या बटाट्यापायी मी दोनदा मार खाल्लाय. पण त्या रात्री चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन परत खेळायला बसलो आणि कळलं, पोरगं बरंच सांभाळून बोललं होतं. हा गेम जागोजागी मोडका आहे. हिशेब चुकलेले, नियम उलटे बसलेले, सांगितलंय एक आणि घडतंय भलतंच. त्याचं मला नवल नाही. नवल याचं की शिरूर अनंतपाळची आम्ही चार-पाच पोरं दोन वर्षं हा गेम खेळलो आणि यात काही बिघडलंय असा नुसता संशयही कुणाला आला नाही. आम्हाला वाटायचं, जपानातही असंच असतं.

तोपर्यंत आमची गेमची ओळख म्हणजे उजेडच्या यात्रेतला ब्रिक गेम. उजेड हे आमच्या तालुक्यातलं गाव. तिथं दरवर्षी जानेवारीत महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते. पाळणे, भांडी, मिठाई, खेळणी, सगळं. 'हजारो गेम एकात' असं लिहिलेलं ते पिवळं यंत्र मला तिथंच मिळालं, आणि आयुष्यातला पहिला रणगाडा मी गांधीबाबांच्या यात्रेत चालवला. घरी येऊन मोजले तर हजारोतले गेम भरले सात. यावरही आम्ही तक्रार केली नाही. पाटीवरचा आकडा आणि पोत्यातला माल यात फरक असायचाच.

मग २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पिकाचू हिंदी डबिंगमध्ये बोलू लागला, चीटोसच्या पाकिटात टाझो निघू लागले, आणि एका दिवाळीत पुण्याहून आलेल्या आतेभावानं खिशातून फ्लॉपी काढली. अख्खा गेम एक एमबीचा. फ्लॉपीत तो मावून वर जागा उरायची. त्यात तो कुठून आला हे आम्ही विचारलं नाही. बसस्टँडवर विकायला असायच्या त्या सीड्यांइतकाच तो अधिकृत असावा. बसस्टँडसमोरच्या माडीवर एक कॉम्प्युटर क्लास होता. एमएस-सीआयटीची बॅच सुटली की सर आम्हाला तासाला दहा रुपयांत एक मशीन द्यायचे. तेव्हा लोडशेडिंग बारा-बारा तास. त्यात दर महिन्याला सर व्हायरस मारण्यासाठी मशीन फॉरमॅट करायचे, तेव्हा व्हायरससोबत आमचे प्राणीही मरायचे. या गेममध्ये प्रगती साठवायला जागा एकच. पाच पोरं, एक जागा. चारजण कायम पहिल्यापासून सुरू करायचे. मी चारमँडर निवडायचं काम किमान चाळीस वेळा केलं असेल. पहिल्या गावाचा मी जाणकार आहे, शेवटच्या गावाबद्दल मला विचारू नका.

हा गेम रेड आणि ग्रीन अशा दोन नावांनी निघाला. नंतर ब्लू, मग यलो. लोक विचारतात, एकच गेम वेगवेगळ्या नावांनी कशाला? मला हा प्रश्न कधी पडला नाही. पुण्याजवळ एक शिरूर आहे. बीडकडं शिरूर कासार आहे. आमच्याच लातूर जिल्ह्यात अहमदपूरच्या वाटेवर शिरूर ताजबंद आहे. आणि आम्ही शिरूर अनंतपाळ. आमच्या लग्नपत्रिका महाराष्ट्र फिरून येतात. तेव्हा एकाच गावाच्या चार आवृत्त्या, प्रत्येकीत थोडाफार फरक, यात आम्हाला काहीच खटकलं नाही.

खटकायला हवं होतं. रेडमध्ये अकरा प्राणी असे की ते ब्लूमध्ये सापडतच नाहीत, आणि ब्लूमधले अकरा रेडमध्ये नाहीत. म्हणजे एकट्यानं पैसे देऊन घेतलेला गेम एकट्याला पुरा करता येऊच नये अशी सोय. त्यात कडाब्रा, हाँटर यांच्यासारखे चार प्राणी दुसऱ्याला केबलनं दिल्याशिवाय शेवटचं रूप घेत नाहीत. जपानी पोरांनी मैत्री करावी, समोरासमोर बसून देवाणघेवाण करावी, असा उदात्त हेतू होता म्हणे. आमच्याकडं मैत्री रगड होती. दुसरं मशीन नव्हतं. माझा कडाब्रा शेवटपर्यंत कडाब्राच राहिला. एमएची पदवी आणि नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसासारखा, सगळी पात्रता अंगात घेऊन, कुणीतरी पुढच्या जागेवर नेईल म्हणून वाट बघत.

या गेमचं मी वाचलेलं-ऐकलेलं सगळ्यात नेमकं परीक्षण मात्र आमच्या आबांचं. आबांना लिहिता येतं ते सहीपुरतं. एका बाजाराच्या दिवशी मला शोधत ते क्लासची माडी चढून आले, धोतर सावरत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय करूलालास?"

मी सांगितलं, जनावरं धरूलालाव.

हा विषय आबांचा. शेजारचा देवणी तालुका म्हणजे देवणी जातीच्या गाईबैलांचं माहेर. त्या जातीत तीन प्रकार: बालंक्या अंगभर पांढरा, वानेरा पांढरा पण तोंडाच्या बाजूला काळा, आणि शेवरा म्हणजे पांढऱ्यावर काळे वेडेवाकडे धब्बे. आबा बांधावरून, डोळ्यांवर हात धरून, तिसऱ्याच्या शेतातला बैल कुठल्या प्रकारचा ते सांगायचे. गेमच्या सुरुवातीला प्राध्यापक ओक टेबलावर तीन प्राणी मांडतात आणि एक उचल म्हणतात, ते आबांना लगेच पटलं. न पटलेलं त्यानंतरचं सगळं.

"दात बगितलास का?"

दात दिसत नाहीत म्हटलं.

"मग वय कसं कळतंय?"

"लेव्हल असते. हा बारा लेव्हलचा आहे."

"बारा वर्साचा म्हंजे म्हातारा की रं. ह्येला कशाला घिटलास?" थोडं थांबून, "नर का मादी?"

मी मेनू उघडून पाहिला. पुढं पाहिला, मागं पाहिला. निडोरान नावाचा एक अपवाद सोडला तर त्या गेममध्ये नर-मादी ही भानगडच नव्हती. तसं सांगितलं.

आबांनी बराच वेळ पडद्याकडं बघितलं. "मग वासरं कशी हुत्यात?"

होत नाहीत, आबा.

"मग ही आली कुठून?"

त्या खोलीत याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. सरांनीही मान फिरवली. तेवढ्यात माझा चारमँडर सोळाव्या लेव्हलला पोचला, पडदा लुकलुकला, आणि एका दमात त्याचा चारमिलियन झाला. आम्ही पोरं ओरडलो. आबा उठून उभे राहिले. "ह्येला कायतर टोचलंय," म्हणाले, आणि जिना उतरले.

पुढं कधीतरी कळलं की नर-मादी, अंडी, पिल्लं हे सगळं पोकेमॉनच्या दुसऱ्या मालिकेत आलं, नोव्हेंबर १९९९ मध्ये. म्हणजे आबांनी काढलेल्या त्रुटी जपानी कंपनीनं पाच-सहा वर्षं आधीच दुरुस्त करून ठेवल्या होत्या. शिरूर अनंतपाळपर्यंत निरोप पोचायचा राहिला होता, एवढंच.

व्यवहाराबद्दलही आबांचं मत बरोबर होतं. केबल लावायची, दोघांनी प्राणी दाखवायचा, 'हो' दाबायचं, झालं? हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार त्यांनी उभी हयात केलेला. तिथं रुमालाखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरतो. सगळा बाजार बघत असतो आणि किंमत मात्र दोघांनाच कळते. मधला दलाल शपथा घेतो, गिऱ्हाईक निघून जातं, पानाच्या टपरीवरून परत आणलं जातं, बैल पळवून बघतात, शेपटी पिरगळून बघतात. पोकेमॉनमध्ये यातलं काही नाही. इतकी निरस जनावरखरेदी मी दुसरीकडं पाहिली नाही.

गेमचा कर्ता सातोशी ताजिरी. लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे गोळा करत हिंडायचा. शेतं, तळी बुजून तिथं इमारती झाल्या, तेव्हा तो आनंद डबीत भरून पोरांना द्यावा म्हणून त्यानं हा गेम रचला. १९९० ला सुरुवात, पुरा व्हायला सहा वर्षं. किड्यांवर इतकं प्रेम असलेल्या माणसाच्या गेममध्ये सगळ्यात दुबळा वर्ग कुठला? किड्यांचा. सायथर आणि पिन्सर हे त्यातले दोन दांडगे किडे, बघितलं तरी सोयाबीनवाल्याच्या पोटात गोळा यावा असे. पण किड्यांची म्हणून जी हल्ल्याची तऱ्हा, ती दोघांनाही येत नाही. ती येते जोल्टिऑनला, आणि तो कुत्र्यासारखा दिसणारा विजेचा प्राणी आहे. ताजिरींनी एकदा ऑगस्टमध्ये आमच्या शेतात यायला हवं होतं. हवे तेवढे किडे फुकट नेले असते, आणि त्यांची ताकद किती लिहायची याबद्दल शंका उरली नसती.

आता सायकल. या गेममध्ये एका गावात सायकलचं दुकान आहे. सायकलची किंमत दहा लाख. तुमच्या पाकिटात जास्तीत जास्त मावतात नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. एक रुपया कमी. जन्मभर लढा, पै-पै जोडा, सायकल येणार नाही. मग सायकल मिळते कशी? दुसऱ्या गावात फॅन क्लबचे चेअरमन बसलेले असतात. त्यांच्यासमोर उभं राहायचं, त्यांचं आवडत्या जनावराचं पुराण शेवटपर्यंत ऐकायचं, आणि ते खूश होऊन एक कुपन देतात. ते दाखवलं की दहा लाखांची सायकल फुकट. परदेशातले समीक्षक या प्रसंगाला विक्षिप्त विनोद म्हणतात. आम्ही त्याला पंचायत समिती म्हणायचो. बारा वर्षांच्या पोरांना यात काहीही समजावून द्यावं लागलं नाही: वस्तू विकत मिळत नसते, चेअरमनचं भाषण संपेपर्यंत उभं राहिल्यावर मिळते. उलट एकजण म्हणाला, याला कुपनासोबत झेरॉक्स नाही लागली?

असाच दुसरा प्रसंग सॅफ्रन शहराच्या वेशीवरचा. चारही दिशांच्या चौक्यांवरचे पहारेकरी तुम्हाला आत सोडत नाहीत. कारण काय, तर त्यांना तहान लागलीय. शेजारच्या शहरात जायचं, दुकानाच्या गच्चीवरच्या यंत्रातून दोनशेची पाण्याची बाटली घ्यायची, एका पहारेकऱ्याला द्यायची. तो ती बाकीच्यांबरोबर वाटून घेतो आणि रस्ता मोकळा. एका बाटलीत चार नाकी. मोठ्या शहराचं दळणवळण तहानेवर अडून राहतं, ही कल्पना मला तेव्हा जरा ओढूनताणून वाटली होती. मग २०१६ चा मार्च आला आणि लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुण्याच्या ऑफिसात लोक मला फोटो दाखवून विचारायचे, तुमच्याकडं खरंच असं आहे? मी मनात म्हणायचो, सॅफ्रनला बाटलीवर भागलं होतं.

तांत्रिक चुका सांगायला बसलो तर फराळ संपेल. शंभर टक्के लागणारच असं लिहिलेला वार २५६ पैकी एखाद वेळी चुकतो, कारण हिशेब करणाऱ्यानं 'पेक्षा कमी' आणि 'इतकं किंवा कमी' यात गल्लत केली. 'शंभर टक्के येतो' म्हणणारे पाहुणे माहीत असल्यामुळं आम्हाला ते प्रमाण फारच चोख वाटलं. फोकस एनर्जी नावाची एक विद्या आहे. चित्त एकाग्र केलं की जबर वार बसायची शक्यता चौपट व्हावी असा बेत होता. चुकून ती चौथ्या हिश्श्यावर येते. लातूरला खोलीवर राहून बारावी केलेल्या कुणालाही हे पटेल. पोतडीत वीसच वस्तू मावतात. प्राणी ठेवायची पेटी वीस प्राण्यांवर भरते आणि गेम तुम्हाला ऐन वेळी, दुर्मिळ प्राणी समोर असताना, सांगतो की आता धरता येणार नाही, आधी जाऊन पेटी बदला. हमीभाव केंद्रावर सोयाबीनची ट्रॉली घेऊन रांगेत लागलेल्याला 'बारदाना संपला' ऐकायची सवय असते. तो मुकाट्यानं वळतो.

आणि लान्स. हा शेवटच्या पहिलवानांपैकी एक; त्याचा ड्रॅगोनाइट सगळ्या गेमला भारी. पण या पहिलवानांना चाल निवडायला दिलेली अक्कल अशी, की समोरच्याच्या जातीला जी जात जड ती चाल निवड. त्या चालीनं इजा होते की नाही हे बघू नको. त्यामुळं विषारी जातीचा प्राणी समोर ठेवला की ड्रॅगोनाइट दोनच गोष्टी करतो: जोरात पळतो आणि स्वतःभोवती भिंत बांधतो. पळतो, बांधतो, पळतो. समोरच्याला ओरखडा नाही. दुष्काळ पाहणी दौरा आमच्या रस्त्यानं गेलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही चाल वेगळी शिकवावी लागत नाही.

सगळ्यात गाजलेली चूक म्हणजे मिसिंगनो. व्हिरिडियन गावात रस्त्यात आडवा पडलेला एक म्हातारा असतो. इंग्रजी गेममध्ये त्याची सकाळची कॉफी राहिलेली असते, मूळ जपानीत तो सरळ प्यालेला होता. आमच्या वाचनात आपोआप जपानीच अर्थ यायचा. हा म्हातारा नंतर प्राणी कसा धरायचा ते करून दाखवतो. तेवढ्यापुरतं खेळणाऱ्याच्या जागी त्याचं नाव लागतं, आणि तुमचं नाव कुठंतरी ठेवायचं म्हणून गेम ते जंगली प्राण्यांच्या यादीच्या रकान्यात ठेवतो. तिथून थेट उडून सिनाबार बेटावर गेलात आणि किनाऱ्यानं पोहू लागलात, की त्या किनाऱ्याला स्वतःची यादी नसल्यामुळं गेम जुना रकाना उघडतो आणि तुमच्या नावाची अक्षरं प्राणी म्हणून वाचतो. मग पाण्यातून येतो एक फाटका चौकोनी तुकडा. त्याला भेटलं की पोतडीतली सहावी वस्तू १२८ नं वाढते.

पीक-पाण्याच्या रकान्यात माणसाचं नाव पडणं आणि त्यातून कुणाचं तरी क्षेत्र वाढणं. सातबारा पाहिलेल्या माणसाला हे संगणकशास्त्र वाटणारच नाही. निंटेंडोच्या मासिकानं तेव्हा वाचकांना यापासून लांब राहा असं बजावलं होतं. आमच्या गावात याला लांब राहण्याजोगं कुणी काही मानलं नसतं. फेरफार करून घ्यायला रांग लागली असती.

म्यूचं प्रकरण याहून थोर. १५० प्राणी ठरलेले. गेम पुरा झाला, तपासणीची अवजारं काढून घेतली, तेव्हा जेमतेम ३०० बाइट जागा मोकळी झाली. शिगेकी मोरिमोतो या गृहस्थानं त्यात १५१ वा प्राणी, म्यू, गुपचूप बसवला. भरलेल्या वडापमध्ये शेवटचा पाहुणा ड्रायव्हरच्या उजवीकडं बसवतात तसा. खेळताना तो कुठंच भेटत नाही. मग जपानात एका मासिकानं २० जणांना म्यू देण्याची स्पर्धा ठेवली तर अर्ज आले ७८ हजार. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते. भागाकार करून पाहा. तलाठी होणं त्यामानानं सोपं निघतं.

आमच्यापर्यंत म्यू पोचला तो अफवेच्या रूपात. बंदरावर एक मालट्रक उभा आहे, तो ढकलला की खाली म्यू. निलंग्याच्या एका पोराच्या मावसभावानं पाहिला होता. ट्रक खरंच आहे. तो हलत नाही. आम्ही ते पाच मशीन-तास, म्हणजे पन्नास रुपये, ढकलून पाहिला. न हलणाऱ्या त्या ट्रकबद्दल आमच्यात एकच मतभेद होता: म्यू खाली आहे की कुणीतरी आधीच काढून नेलाय.

परवा भाचा मात्र माझ्या मांडीला टेकून खेळायला लागला, बटाट्यासकट. अंगणात उन्हाला खाट टाकलेली. आबा आता ८२ ला आहेत, ऐकू कमी येतं, नजर शाबूत. भाचा डोंगराच्या पायथ्याशी पोचला. तिथं एक माणूस कुजबुजतो, तुझ्यासाठी खास, मॅजिकार्प, फक्त पाचशे. हा मासा नुसत्या उड्या मारतो. उड्या मारणं एवढीच त्याची विद्या आहे आणि तिचा काही परिणाम होत नाही असं गेम स्वतःच सांगतो.

"मामा, घिऊ का?"

मी आबांना ओरडून सांगितलं, मासा आहे, पाचशेला म्हणतोय. आबांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला, खालून हात घातला आणि चेहऱ्यावर काही न दाखवता माझी दोन बोटं दाबली.

दोनशे.

मी भाच्याला सांगायला वळलो तोवर त्यानं 'हो' दाबलं होतं.